फाटका आवाज विकत घेताना

"आरं, तुझी लाइन फाटतीय!" साउंडवाले काका मिक्सरमागून ओरडले.

इंदापूर तालुक्यातलं गाव, गणपतीचा सातवा दिवस, शाळेच्या पटांगणात मंडळाचा ऑर्केस्ट्रा. माझा भाचा बेस गिटार घेऊन ऑक्टोपॅडवाल्याच्या शेजारी उभा होता. पायाशी हिरवा डबा, डब्यावरचा लाल दिवा लागलेला.

"काका, फाटत नाहीये. मीच फाडलीय."

काकांनी ते ऐकलं आणि त्याचा फेडर सावकाश शून्यावर आणला. पुढचा दीड तास भाचा मन लावून बेस वाजवत होता आणि तो त्याच्याशिवाय कुणालाही ऐकू येत नव्हता. मी दुसऱ्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्याची बोटं बघत होतो. परतताना गाडीवर मागे बसलेला हा पोरगा निमगाव केतकी गेलं, लासुर्णे गेलं तरी अवाक्षर बोलला नाही. भवानीनगरला हंगाम नसल्यामुळे अंधारात बसलेला कारखाना दिसला, तेव्हा तो म्हणाला, "मामा, पेडल चुकलं आपलं."

'आपलं' म्हणाला, कारण पैसे माझे होते.

डिस्टॉर्शन पेडल म्हणजे गिटारचा स्वच्छ आवाज मुद्दाम खराब करणारा डबा, एवढीच माझी समजूत होती. खराब करायचाच आहे तर त्यात चुकण्यासारखं काय असतं, हे मला कळेना. पुढचे सहा-सात महिने वेळ मिळेल तसा मी याच प्रश्नामागे फिरलो. बारामतीतल्या दुरुस्तीच्या टेबलापासून मिरजेच्या तंतुवाद्यांच्या गल्लीपर्यंत.

आपल्याकडे आवाजाच्या दुखण्यांना नेमके शब्द आहेत. घसा बसतो, भोंगा चिरकतो, माईक शिट्टी मारतो आणि स्पीकर फाटतो. यात फाटणं सगळ्यात अपमानाचं. साउंडवाल्याला 'तुमचा आवाज फाटतोय' म्हणणं म्हणजे आचाऱ्याला भात करपलाय म्हणण्यासारखं. ज्या माणसाची उभी हयात आवाज फाटू न देण्यात गेली, त्याच्या मिक्सरमध्ये एक कॉलेजचा पोरगा पैसे मोजून फाडलेला आवाज सोडतो. त्या रात्री काका चुकले असं मला अजूनही वाटत नाही.

बारामतीच्या बाजारपेठेत टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. हिरवा डबा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चार स्क्रू काढले, भिंग लावलं आणि हसायला लागले. "यात रेडिओपेक्षा कमी माल आहे की!" एक आठ पायांची आयसी, दोन ट्रान्झिस्टर, एवढ्याएवढ्या काचेच्या दोन डायोड, बाकी रेझिस्टर-कपॅसिटर. आयसीवरचा नंबर वाचून ते उठले, भिंतीवरच्या प्लास्टिकच्या खणातून तसलीच एक काढून माझ्या तळहातावर ठेवली. ४५५८. गावोगावी जुळवल्या जाणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या बास-ट्रेबल बोर्डात ही आयसी असतेच. जगभरचे गिटारवाले हिच्या जुन्या जपानी आवृत्तीसाठी भांडतात, जास्त पैसे मोजतात. बारामतीत ती खणात पडून असते आणि तिची किंमत चहाच्या हिशेबात होते.

भाच्याचा डबा म्हणजे आयबानेझच्या ट्यूब स्क्रीमरची नक्कल. मूळ टीएस८०८ हे पेडल १९७९ सालचं. त्याच्या नकला आणि सुधारून काढलेल्या आवृत्त्या इतक्या निघाल्या आहेत की मला आमच्या मोरोपंतांची आठवण झाली. कऱ्हेकाठच्या वाड्यात बसून या माणसाने एकच रामायण १०८ तऱ्हांनी लिहिलं असं सांगतात. पेडलवाल्यांचंही रामायण एकच. अमुक डायोड बदलला, तमुक कपॅसिटर वाढवला, की झाली नवी रचना.

डायोड काय करतात हे दुरुस्तीवाल्यांनी मला उसाच्या ट्रॉलीवरून समजावलं, आणि याहून सोपं मला कुठे सापडलं नाही. ट्रॉलीत ऊस चढवत नेला की ढिगाला माथा येतो. ती ट्रॉली ठेंगण्या कमानीखालून काढली तर कमानीवर गेलेला माथा खरडला जातो आणि ढीग वरून सपाट होतो. तारेतून येणाऱ्या आवाजाची लाट म्हणजे तो ढीग. आयसी आधी ढीग वाढवते, त्याला गिटारवाले 'गेन' म्हणतात. डायोड म्हणजे कमान. साध्या सिलिकॉन डायोडची कमान ०.६ ते ०.७ व्होल्टवर असते. जुन्या जर्मेनियम डायोडची त्याच्याही निम्म्यावर, ०.३ च्या आसपास. एलईडी लावली तर बरीच उंच, लाल रंगाची पावणेदोन व्होल्टच्या पुढेमागे. कमान जितकी ठेंगणी, तितका माथा लवकर खरडतो.

खरडण्याच्याही तऱ्हा आहेत. ट्यूब स्क्रीमरमध्ये डायोड आयसीच्या परतीच्या वाटेवर बसवलेले असतात. त्यामुळे माथा छाटला जात नाही, दाबला जातो. कडा गोल राहतात आणि मूळ आवाज थोडा वरून तरंगत राहतो. याला 'ओव्हरड्राइव्ह' म्हणायची रीत पडली. बॉसच्या १९७८ च्या नारिंगी डीएस-१ मध्ये किंवा काळ्या 'रॅट'मध्ये डायोड सिग्नलवरून सरळ ग्राउंडला जोडलेले असतात. तिथे कोयत्याने कापल्यासारखा सपाट काप पडतो. हे खरं 'डिस्टॉर्शन'. १९६९ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या 'बिग मफ'मध्ये तर एकामागे एक दोन कमानी आहेत. ढीग पहिलीखालून सपाट होऊन निघतो, पुन्हा भरला जातो आणि दुसरीखाली घातला जातो. त्याचा आवाज भिंतीसारखा जाड येतो. मात्र मधली पट्टी खोलगट होते. एकट्याने खोलीत वाजवताना हा आवाज राजासारखा वाटतो आणि ढोलकी, कीबोर्ड, गायक सगळे सुरू झाले की नाहीसा होतो. कारण माणसाचा कान ज्या पट्टीत वाद्य ओळखतो, नेमकी तीच पट्टी त्यात कमी असते.

लाट सपाट केली की सुरात भर पडते. ११० हर्ट्झचा एक स्वर दोन्ही बाजूंनी सारखा छाटला, तर ३३०, ५५०, ७७० असे विषम पटींतले स्वर त्याच्या अंगाला चिकटून येतात. एका बाजूने जास्त छाटला तर २२०, ४४० हे समही येतात. म्हणजे ज्याला आपण खराबी म्हणतो, ती खरं तर गर्दी आहे. दोन तारा एकदम छेडल्या की ही गर्दी एकमेकांत मिसळते. ११० आणि १६५, म्हणजे सा आणि प, एका पेडलमधून काढले तर त्यांच्या फरकाचा ५५ हर्ट्झचा स्वर आपोआप उमटतो. तो बरोबर खालच्या सप्तकातला सा. रॉकवाल्यांचा दोन स्वरांचा 'पॉवर कॉर्ड' एवढा अवजड वाटतो तो याच न वाजवलेल्या खर्जामुळे. आता प सोडून ग घ्या. कीबोर्डच्या हिशेबातला ग १३८.६ वर आहे, त्यामुळे फरक येतो २८.६ आणि तो कशाशीच जुळत नाही, सगळा चिखल होतो. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, "म्हणून तर आम्ही ग वाजवत नाही मामा." त्याला कारण माहीत नव्हतं, पण बोटांना ते आधीच कळलं होतं.

या प्रकाराचा जन्म अपघातातून झाला. अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मार्टी रॉबिन्सचं 'डोन्ट वरी' ध्वनिमुद्रित होत असताना मिक्सरमधला एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिनच्या सहा तारांच्या बेस गिटारचा आवाज भुंग्यासारखा घोंघावत आला. तो तसाच ठेवला गेला आणि १९६१ मध्ये गाणं गाजलं. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी मग तो बिघाड पुन्हा हवा तेव्हा घडवून आणणारं सर्किटच तयार केलं. १९६२ मध्ये ते 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावाने बाजारात आलं. गिटार या डब्यातून तुतारी-ट्रॉम्बोनसारखी वाजते, अशी त्याची जाहिरात होती. सुरुवातीला दुकानदारांनी माल उचलला, मग विक्री थंडावली. १९६५ मध्ये 'सॅटिस्फॅक्शन'साठी कीथ रिचर्ड्सने ती सुरावट या डब्यातून वाजवली. तीही कच्ची खूण म्हणून, कारण तिथे पुढे ब्रास वाजवून घ्यायचा त्याचा विचार होता. कच्चीच खूण छापली गेली आणि दुकानातले डबे संपले.

म्हणजे या वाद्याची पहिली नोकरी ब्रास बँडच्या बदलीवर होती. बारामती-फलटण-अकलूज पट्ट्यात ज्याने लग्नाच्या वराती बघितल्या आहेत, त्याला हे ऐकून गंमत वाटेल. आमच्याकडे खरा ब्रास बँड अजून आहे, सजवलेल्या गाडीवर आहे, आणि त्याच गाडीवर बॅन्जोही आहे.

बॅन्जोबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण मला तो या गोष्टीचा खरा नायक वाटतो. आपण ज्याला बॅन्जो म्हणतो त्याचा अमेरिकी बॅन्जोशी संबंध नाही. ते आहे बुलबुल तरंग, आणि त्याचं मूळ जपानी ताइशोगोतोमध्ये. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये टंकलेखनयंत्रासारख्या कळा तारांवर बसवून ते केलं. भारतात येऊन ते बॅन्जो झालं, त्याला पिकअप लागला, पिकअपमागे अ‍ॅम्प्लिफायर, अ‍ॅम्प्लिफायरमागे भोंगे. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी याच नावाचा हिंदी चित्रपट केला, त्यात रितेश देशमुख बॅन्जोवाला होता. वरातीतला तो चिरत जाणारा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटून येणारा आवाज आठवा. तो स्वच्छ नसतो. पिकअपने अ‍ॅम्प्लिफायरला ढकललेलं असतं, अ‍ॅम्प्लिफायरने भोंग्याला, आणि वाटेत कुठे ना कुठे माथा खरडलेला असतो. इंदापूरच्या एका बॅन्जोवाल्याला मी विचारलं, की आवाज जरा कमी करून साफ नाही का करता येणार? त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "गोड वाजवल्यावर वरातीत नाचणार कोण, साहेब?" डिस्टॉर्शन पेडल हा शब्द त्याने ऐकलेला नव्हता, पण अ‍ॅम्प्लिफायरचा कान कुठवर पिळल्यावर पोरं नाचतात, हे त्याला नेमकं ठाऊक होतं.

मिरजेला गेलो तो वेगळ्या कामासाठी, पण पाय तंतुवाद्यवाल्यांच्या गल्लीकडे वळले. तिथे एक कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत बसले होते. घोडीचा माथा कानसीने केसाएवढा घासायचा, तार छेडायची, पुन्हा घासायचा. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवायचा. दोरा इकडे सरकला की तार मुकी, तिकडे सरकला की घरघर. मधल्या एका जागी ती एकदम फुलते आणि एका तारेतून दहा स्वर ऐकू येतात. 'खुली हवी का बंद?' हा प्रश्न ते गिऱ्हाइकाला विचारतात, आणि ज्याच्या त्याच्या गळ्यानुसार उत्तर येतं. शास्त्र वेगळं आहे. तिथे कमान नाही, तार घोडीच्या चपट्या माथ्याला पुन्हा पुन्हा स्पर्श करते. पण मिळवायचं तेच, मूळ सुराभोवती वरच्या सुरांची गर्दी. भारतीय कानाला शुद्ध, गुळगुळीत स्वर कधी पुरेसा वाटलाच नाही, म्हणून आपण तारेखाली दोरा घातला. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ट्यूब स्क्रीमरला ते कोण देणार!

आता भाच्याचं पेडल चुकलं कुठे? ते गिटारसाठी केलेलं होतं. ट्यूब स्क्रीमर आवाज छाटण्याआधी साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग हळूहळू मागे ढकलतो, म्हणजे गिटारचा गचगचाट होत नाही. बेसची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झवर वाजते. त्या डब्यात शिरल्यावर बेसचा बुंधा बाहेरच राहतो आणि आत जातो तो शेंडा. स्पीकरमधून निघालं ते शेंड्याचं फाटकं टोक. काकांनी ऐकलं तेही तेवढंच.

पण फाडणंच चुकीचं होतं असंही नाही. गावात देवळाच्या पारावर आणि वेशीजवळ भोंगे लावलेले असतात. भोंग्याला साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही जमत नाही. त्यामुळे स्वच्छ बेस वेशीपर्यंत पोचतच नाही. स्टेजपुढच्या पन्नास माणसांना तो पोटात जाणवतो आणि बाकी गावाला ढोलकी तेवढी ऐकू येते. उलट थोडा छाटलेला बेस आपल्या मागे ३२८, ३६९, ४१० अशा पटींची माळ घेऊन येतो. भोंगा ती माळ सोडतो, आणि कान त्या माळेवरून गाळलेला ४१ स्वतःच भरून काढतो. ऐकायला जादू वाटते, पण रोज घडते. जुन्या टेलिफोनच्या तारेतून ३०० हर्ट्झच्या खालचं काही येत नसे. तरी वडिलांचा जाड आवाज जाडच यायचा. खालचा भाग आपला मेंदू लावत होता. म्हणजे गावच्या भोंग्यावर बेस पोचवायचा असेल, तर थोडी फाड हवीच, फक्त बुंधा शाबूत ठेवून.

त्यासाठी ज्या पेडलला 'ब्लेंड' किंवा 'बॅलन्स'चा कान असतो तेच बेसवाल्याने घ्यावं, या मताला मी आलो आहे. त्यात मूळ स्वच्छ आवाज एका वाटेने जातो, फाडलेला दुसऱ्या वाटेने, आणि किती काय मिसळायचं ते आपल्या हातात राहतं. बाकी कान किती आणि नक्षी कोणती, याला मी महत्त्व देत नाही.

गिटारवाल्याची अडचण वेगळी. त्याच्या आवडीच्या परदेशी आवाजामागे गिटारचा खास अ‍ॅम्प्लिफायर असतो, आणि त्याचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर जवळजवळ गप्प बसतो. इंदापूरच्या पटांगणात तो अ‍ॅम्प कुणी आणत नाही. पेडलची वायर सरळ मिक्सरमध्ये जाते, तिथून पीएच्या खोक्यात, आणि ते खोकं १५ किलोहर्ट्झपर्यंत सगळं इमानदारीने वाजवतं. मग ऐकू येतात त्या माश्या. अशा ठिकाणी महागातलं एकटं डिस्टॉर्शन घेण्यापेक्षा, स्पीकरची नक्कल आत असलेला मल्टी-इफेक्ट प्रोसेसर घ्यावा. शुद्धतावादी नाक मुरडतील, मुरडू देत. त्यांनी आपला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प इंदापूरपर्यंत एसटीच्या टपावर टाकून आणावा.

उन्हाचीही एक गोष्ट आहे. काही शौकिनांना १९६६ च्या 'फझ फेस'सारखा जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा आवाज हवा असतो. गरम झाल्यावर जर्मेनियममधून गळती वाढते, ढोबळमानाने दर १० अंशांना दुप्पट, आणि पेडल घरात एक बोलतं, मांडवात दुसरंच. चैत्रातल्या यात्रेला चाळीस अंशांत ते नेऊ नये. सिलिकॉन बरा.

आणि अ‍ॅडॉप्टर. बहुतेक पेडलना ९ व्होल्टचा लागतो आणि त्याच्या पिनेत मधला भाग ऋण असतो. घरातल्या वायफायच्या डब्याचा अ‍ॅडॉप्टर दिसायला तसाच, पिनही बसते, पण मधला भाग धन. हे मला कसं माहीत, ते आमच्या घरात विचारू नये. भाच्याच्या आधीच्या एका पेडलचा शेवट माझ्याच हातून झाला, जळका वास दुपारभर दिवाणखान्यात होता आणि म्हणून तर हिरव्या डब्याचे पैसे मी दिले होते. जनरेटरवरच्या मांडवात अर्थिंग धड नसेल तर ५० हर्ट्झची घरघर पेडल शंभरपट मोठी करून दाखवतं, तेव्हा पाय उचलून डबा बंद करणं एवढाच उपाय हाताशी उरतो.

दिवाळीनंतर आम्ही दोघं पुण्याला गेलो. दुकानातल्या मुलाने भाच्याला भल्याथोरल्या बेस अ‍ॅम्पसमोर बसवलं. भाचा म्हणाला, "यात नको. तुमच्याकडे साधा पीए स्पीकर आहे? लायनीत लावा." त्या मुलाला हे गिऱ्हाईक विचित्र वाटलं असावं. भाच्याने पेडल लावली, वाजवलं, मला दुकानाबाहेर फुटपाथवर उभं केलं आणि फोनवर विचारत राहिला, "मामा, आता कळतंय का काय वाजवलं ते?" पीएमपी, रिक्षा आणि भाजीवाला यांच्यामधून मला ऐकू आलं ते सांगत गेलो. चारपैकी तीन पेडल फुटपाथपर्यंत पोचली, पण स्वर कुठला ते एकातूनच कळलं. मुंबईतही असे डबे बनतात. अ‍ॅनिमल फॅक्टरी अ‍ॅम्प्लिफिकेशन नावाची कंपनी ते बनवते आणि परदेशातही ते विकले जातात. भाच्याचा जीव तिथेही अडकला होता, पण खिशाने नको म्हटलं. शेवटी एका विद्यार्थ्याकडून बॉसचा पिवळा ओडीबी-३ जुना मिळाला. १९९४ पासूनचं मॉडेल, बेससाठीच केलेलं, आणि त्यावर 'बॅलन्स'चा कान आहे. दोन महिन्यांच्या मेसचे पैसे गेले. या वेळी त्याचेच.

चैत्रात त्याच गावची यात्रा होती. तोच ऑर्केस्ट्रा, तेच काका. भाचा लवकर जाऊन त्यांच्या शेजारी बसला, स्वच्छ बेस वाजवला, मग डबा दाबला आणि गेन जेमतेम चतकोर ठेवून 'बॅलन्स' इंच-इंच सरकवत गेला. काका काही बोलले नाहीत. "वाजवत ऱ्हा," म्हणाले आणि उठून चालायला लागले. रसवंतीगृह ओलांडलं, पाळणे ओलांडले, पारावरच्या भोंग्याखाली जाऊन पाठमोरे उभे राहिले. इथून तो ठिपका दिसत होता. ठिपक्याने हात वर केला, भाच्याने कान थोडा फिरवला. हात खाली आला, थोडा मागे. पुन्हा वर. मग हात तसाच थांबला.

परत आल्यावर काकांनी खिशातून काळी इन्सुलेशन टेप काढली, दातांनी तोडली आणि पिवळ्या डब्याच्या त्या कानावर आडवी चिकटवली.

"हे आता हलवायचं न्हाय," ते म्हणाले. "आन् लावणीला बंद."